हकीम ओलाजुवॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी मैदानावर मुलांना बास्केटबॉल शिकवताना एका खेळाडूचं नाव माझ्या तोंडी सारखं येतं. इतकं, की आता मुलंही त्याच्याबद्दल विचारतात आणि त्यांना न्यायला आलेले आईबाबाही. विचारलेले प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

हा हकीम ओलाजुवॉन कोण?

नायजेरियात जन्मलेला, अमेरिकेत खेळलेला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, १९८४ ते २००२ अशी अठरा वर्षं खेळला, त्यातली पहिली सतरा ह्यूस्टन रॉकेट्सकडून. १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं. कारकिर्दीत १,२३८ सामने, २६,९४६ गुण, १३,७४८ रिबाउंड (नेम चुकून परत आलेला चेंडू मिळवणं). आणि ३,८३० ब्लॉक, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे मारलेला चेंडू हाताने अडवणं. एनबीएने १९७३-७४ पासून ब्लॉकची नोंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून आजवर एवढे ब्लॉक दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

पण माझ्यासाठी त्याची ओळख एका वाक्यात आहे: पंधरा वर्षांचा होईपर्यंत तो बास्केटबॉल खेळलेलाच नव्हता.

नाव 'अकीम' की 'हकीम'?

दोन्ही तोच. जुन्या चित्रफितींत 'अकीम' ऐकू येतं, कारण अमेरिकेत आल्यावर त्याचं नाव तसंच लिहिलं गेलं आणि तेच चालत राहिलं. मार्च १९९१ मध्ये त्याने जाहीर केलं की यापुढे नाव 'हकीम' असं लिहावं. अरबीत हकीम म्हणजे शहाणा, जाणता. आपल्याकडे 'वैद्य-हकीम' म्हणताना जो हकीम येतो, तोच हा शब्द. त्यामुळे मराठी मुलांना हे नाव एका दमात पाठ होतं, अडतात ती आडनावाशी.

बालपण कसं होतं? गरिबीतून वर आला का?

नाही. आफ्रिकेतून आलेला खेळाडू म्हटलं की लोक ही गोष्ट गृहीतच धरतात. हकीमचा जन्म २१ जानेवारी १९६३ चा, लेगॉसचा. घर योरुबा मुसलमानांचं, आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय. कष्टाचं, शिस्तीचं, मध्यमवर्गीय घर. मुलांनी शिकावं, खोटं बोलू नये, मोठ्यांचा मान ठेवावा अशी शिकवण. आपल्याकडच्या कितीतरी व्यापारी घरांसारखंच ते घर होतं असं मला नेहमी वाटतं.

तो लेगॉसच्या मुस्लिम टीचर्स कॉलेजमध्ये शिकला. लहानपणापासून उंच, आणि उंचीवरून चिडवणं वाट्याला आलेलं. खेळायचा ते फुटबॉल आणि हँडबॉल. फुटबॉलमध्ये तो गोलरक्षक होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग बास्केटबॉल कधी सुरू केला?

पंधराव्या वर्षी, १९७८ च्या सुमारास. अमेरिकेतली मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी चेंडू हातात घेतात, त्या हिशेबाने हे फारच उशिरा. पण १९८० पर्यंत, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत, तो नायजेरियाच्या कनिष्ठ संघातून आफ्रिकेतल्या स्पर्धेत खेळत होता.

ही दोन वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. चेंडू कसा टाकायचा, ड्रिबल कसा करायचा हे तो नव्याने शिकत होता, पण पाय मात्र नवे नव्हते. गोलपोस्टसमोर उभं राहून समोरचा कुठल्या बाजूला मारणार याचा अंदाज घेणं, अंग एकीकडे झुकवून दुसरीकडे झेपावणं, हँडबॉलमध्ये दोन पावलांत बचावपटूला चुकवून हात मोकळा करणं, हे सगळं त्याच्या अंगात आधीच मुरलेलं होतं. बास्केटबॉलला फक्त त्याला हाक मारायची होती. पुढे त्याने स्वतःही आपल्या पायांच्या चपळाईचं श्रेय फुटबॉल-हँडबॉललाच दिलं.

अमेरिकेला कसा पोचला?

ख्रिस्तोफर पाँड नावाच्या अमेरिकी माणसामुळे. तो मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या संघाला शिकवत होता. त्याने या मुलाला खेळताना पाहिलं आणि ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक गाय लुईस यांना कळवलं.

ऑक्टोबर १९८० मध्ये हकीम अमेरिकेत उतरला. न्यूयॉर्कच्या थंडीने त्याचं मन तिथेच उडालं आणि लेगॉससारखी ऊब असलेलं ह्यूस्टन त्याला जवळचं वाटलं, असं तो सांगतो. विमानतळावर घ्यायला कुणी आलं नव्हतं. टॅक्सी करून ये, असं त्याला सांगण्यात आलं. ज्याच्या नावाने पुढे ते शहर ओळखलं जाणार होतं, तो अठराही पूर्ण नसलेला मुलगा एकटाच टॅक्सीतून विद्यापीठात गेला. हा प्रसंग सांगताना मला दर वेळी भरून येतं.

पहिलं वर्ष, १९८०-८१, त्याला संघातून खेळायलाच मिळालं नाही. फक्त सराव.

मोझेस मलोनचं नाव त्याच्याबरोबर नेहमी का येतं?

कारण हकीमची खरी शाळा तिथे भरली. ह्यूस्टनमध्ये फाँडे रिक्रिएशन सेंटर नावाचं सार्वजनिक क्रीडागृह आहे. उन्हाळ्यात तिथे शहरातले चांगले खेळाडू जमायचे, आणि त्यांत मोझेस मलोन असायचा. त्या वेळी तो रॉकेट्सचा सेंटर होता, एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि रिबाउंडसाठी अंगावर अंग घालून भिडणारा.

विद्यापीठातल्या त्या सडपातळ पोराला मलोनने दयामाया दाखवली नाही. ढकललं, रेटलं, कोपरं खाऊ घातली. दररोज संध्याकाळी हकीमने ते सोसलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. जगातल्या सर्वोत्तम सेंटरसमोर रोज उभं राहायचं म्हणजे ताकदीवर निभाव लागणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने वेग आणि वळणं शोधली. पुढे आपल्या घडणीचं मोठं श्रेय त्याने मलोनला दिलं. गुरूने मुद्दाम शिकवलं नाही तरी शिष्य शिकू शकतो, फक्त त्याला रोज हजर राहावं लागतं.

फाय स्लामा जामा ही काय भानगड?

अमेरिकी विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या विद्यार्थी संघटना असतात. त्या धर्तीवर ह्यूस्टनच्या धडाधड डंक मारणाऱ्या, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणाऱ्या, संघाला हे टोपणनाव मिळालं. त्यात हकीम होता, क्लाइड ड्रेक्सलर होता, मायकेल यंग आणि लॅरी मिशो होते. १९८२, १९८३ आणि १९८४ असं सलग तीन वर्षं हा संघ विद्यापीठ स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला. विजेतेपद एकदाही नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलेला पराभव १९८३ चा. अल्बुकर्कीत नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध अंतिम सामना. ह्यूस्टन दुसऱ्या डावात सात गुणांनी पुढे होतं, मग खेळ संथ केला, फ्री थ्रो चुकले आणि बरोबरी झाली. शेवटच्या क्षणी डेरेक व्हिटनबर्गने लांबून मारलेला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही, तो हवेतच लॉरेन्झो चार्ल्सने पकडला आणि आत घातला. ५४-५२. हकीमचे त्या सामन्यात २० गुण आणि १८ रिबाउंड. हरलेल्या संघातला असूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्यानंतर पराभूत संघातल्या कुणालाही तो मान मिळालेला नाही.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाउनने ८४-७५ ने हरवलं. युइंगचं नाव पुन्हा येईल.

मायकेल जॉर्डन असताना पहिल्या क्रमांकावर हकीमची निवड ही चूक नव्हती का?

अजिबात नाही. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिली निवड कुणाची हे नाणेफेकीवर ठरलं, आणि रॉकेट्सने ती जिंकली. त्यांनी आपल्याच शहरातल्या हकीमला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवीला घेतलं, तिसऱ्यावर शिकागोने जॉर्डनला. पाचव्यावर चार्ल्स बार्कली, सोळाव्यावर जॉन स्टॉकटन. लोक आजही हळहळतात ती बोवीच्या निवडीवर. बोवीला दुखापतींनी फार छळलं, त्यात त्याचा दोष नव्हता. ह्यूस्टनच्या निवडीला मात्र कुणी चूक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूही नये. पहिल्याच मोसमात हकीमने सामन्यामागे २०.६ गुण आणि ११.९ रिबाउंड घेतले. आधीच्या वर्षी २९ सामने जिंकलेला संघ ४८ वर पोचला.

जुळे मनोरे कोण? आणि १९८६ नंतर इतकी वर्षं विजेतेपद का नाही मिळालं?

रॉकेट्सकडे आधीपासून ७ फूट ४ इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन होता. तो आणि हकीम शेजारी उभे राहिले की खरंच मनोरे. १९८६ मध्ये त्यांनी लेकर्सना ४-१ ने हरवलं, अंतिम फेरीत बोस्टनकडून २-४ ने हरले. हे दोघं पुढची दहा वर्षं राज्य करणार असं तेव्हा सगळे म्हणत होते.

तसं झालं नाही. सॅम्पसनचे गुडघे साथ देईनात, डिसेंबर १९८७ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं गेलं. संघातल्या दोन गार्डवर (बास्केटपासून लांब, चेंडू हाताळत खेळणारे) अमली पदार्थांमुळे बंदी आली. उरला एकटा हकीम. १९८७ मध्ये सिएटलविरुद्धच्या बाद फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्याने ४९ गुण आणि २५ रिबाउंड घेतले, दोन जादा डाव खेळला, आणि संघ हरला. १९८८ मध्ये डॅलसविरुद्ध चार सामन्यांत सरासरी ३७.५ गुण, आणि संघ पुन्हा हरला.

जानेवारी १९९१ मध्ये प्रतिस्पर्ध्याचं कोपर लागून डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. १९९२ मध्ये तर पायाच्या दुखापतीवरून व्यवस्थापनाशीच बिनसलं. तो दुखण्याचं सोंग करतोय असा संशय घेतला गेला, त्याला निलंबित केलं. प्रामाणिकपणाचे धडे घेत वाढलेल्या माणसाला ते फार लागलं. तो संघ सोडायला निघाला होता. पुढे संघ जपानला सामने खेळायला निघाला, त्या प्रवासात मालकाशी मोकळं बोलणं झालं आणि गाठ सुटली. त्याच सुमारास रूडी टॉमजानोविच प्रशिक्षक झाले. ते स्वतः रॉकेट्सचे जुने खेळाडू. त्यांनी आखणी साधी ठेवली: चेंडू हकीमकडे द्या, बाकीच्यांनी बाहेर पसरून उभं राहा, दोघंजण त्याच्यावर धावून आले की तो मोकळ्या खेळाडूला पास देईल.

'ड्रीम शेक' म्हणजे नेमकं काय?

मुलांचा सगळ्यात आवडता प्रश्न. ड्रीम हे हकीमचं टोपणनाव. त्याचा सहज वाटणारा डंक पाहून गाय लुईस यांनी ते दिलं, असं सांगतात. ड्रीम शेक म्हणजे त्याची हुलकावणी. खरं तर हुलकावण्यांची साखळी.

बास्केटच्या एका बाजूला, बास्केटकडे पाठ करून हकीम उभा आहे. पाठीला बचावपटू चिकटलेला. चेंडू येतो. पहिली गोष्ट इथेच घडते आणि ती कुणी पाहत नाही: तो बरेचदा छोटीशी उडी घेऊन चेंडू पकडतो आणि दोन्ही पायांवर एकदम उतरतो. त्यामुळे कुठलाही पाय खिळवून कुठल्याही बाजूला वळायची मुभा त्याच्याकडे राहते. बचावपटूला कळतच नाही की हा डावीकडे जाणार की उजवीकडे.

मग तो मैदानाच्या मधल्या बाजूला खांदा टाकतो. कबड्डीत चढाई करणारा जशी खांद्याने हूल देतो, अगदी तशी. बचावपटूचं वजन त्या पायावर गेलं, की हकीम उलटा बेसलाइनकडे (बास्केटमागच्या रेषेकडे) वळतो आणि मागे झुकून चेंडू मारतो. बचावपटू फसला नाही तर? तर तो चेंडू वर नेतो, डोळे रिंगवर, गुडघे किंचित सरळ, सगळं अगदी मारण्यासारखं. बचावपटू उडी मारतो. हकीम मात्र जमिनीवरच. दुसरा पाय त्याच्या बगलेखालून पुढे टाकून तो आरामात चेंडू आत सोडतो.

यात नुसती चाल पाठ करून भागत नाही. प्रत्येक टप्प्यावर समोरचा काय करतो ते पाहून पुढचा टप्पा ठरतो. चार उत्तरं तयार ठेवायची आणि प्रश्न बचावपटूने विचारायचा. म्हणूनच ती थांबवता येत नव्हती. मुलांना शिकवताना मी आधी चेंडू काढूनच घेतो. नुसते पाय. डावा खिळवा, उजवा फिरवा, परत या. आठवडाभर कंटाळतात. दुसऱ्या आठवड्यात एखादी मुलगी अचानक समोरच्याला हवेत उडवते आणि मग सगळ्यांनाच हवं असतं.

नुसता आक्रमक होता, की बचावही चांगला होता?

बचाव हा त्याच्या खेळाचा कणा होता. १९९३ आणि १९९४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ब्लॉकमध्ये १९९०, १९९१ आणि १९९३ मध्ये पहिला. शिवाय २,१६२ स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू. दोन हजारांवर ब्लॉक आणि दोन हजारांवर स्टील, दोन्ही खात्यांवर जमा असलेला खेळाडू इतिहासात हा एकच. उंच सेंटरने स्टील घ्यायचे म्हणजे गार्डच्या हातांची चपळाई हवी. इथे तो लेगॉसचा गोलरक्षक आठवावा. २०२२ मध्ये एनबीएने सर्वोत्तम बचावपटूच्या चषकाला हकीमचंच नाव दिलं.

एका सामन्यात चार गोष्टींत दोन आकडी कामगिरी केली होती, ती कधी?

२९ मार्च १९९० रोजी, मिलवॉकीविरुद्ध: १८ गुण, १६ रिबाउंड, ११ ब्लॉक, १० असिस्ट (ज्यावरून सहकाऱ्याने बास्केट केलं असे पास). एनबीएच्या इतिहासात अधिकृतपणे हे फक्त चौघांना जमलं आहे. बाकीचे तिघे नेट थर्मंड, अल्विन रॉबर्टसन आणि डेव्हिड रॉबिन्सन.

१९९४ चं वर्ष एवढं खास का?

त्या मोसमात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि अंतिम फेरीतलाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकाच वर्षात हे तिन्ही मान मिळवणारा आजवरचा एकमेव. आफ्रिकेत जन्मलेला पहिला सर्वोत्तम खेळाडूही तोच.

पण वाट सरळ नव्हती. दुसऱ्या फेरीत फिनिक्सविरुद्ध घरच्या मैदानावरचे पहिले दोन्ही सामने रॉकेट्सने मोठी आघाडी घालवून गमावले. स्थानिक वर्तमानपत्राने 'चोक सिटी', म्हणजे ऐन वेळी कच खाणारं शहर, असा मथळा दिला. संघाने ती मालिका सात सामन्यांत जिंकली आणि शहराने स्वतःचं नाव बदलून 'क्लच सिटी' केलं: ऐन वेळी न डगमगणारं.

अंतिम फेरीत समोर न्यूयॉर्क, आणि न्यूयॉर्कचा सेंटर कोण? पॅट्रिक युइंग. दहा वर्षांपूर्वीचा हिशेब बाकी होताच. न्यूयॉर्क ३-२ ने पुढे. सहाव्या सामन्यात ह्यूस्टन ८६-८४ ने पुढे, शेवटचे काही क्षण, आणि जॉन स्टार्क्सच्या हातात चेंडू. स्टार्क्स त्या रात्री पेटलेला होता. त्याने तीन गुणांसाठी चेंडू सोडला. तो आत जाता तर मालिका तिथेच संपली असती. युइंगला सोडून हकीम बाहेर धावला, झेपावला, आणि त्याच्या बोटांचा चेंडूला स्पर्श झाला. चेंडू वाटेतच पडला.

सातवा सामना ह्यूस्टनने ९०-८४ ने जिंकला. सातही सामन्यांत हकीमचे गुण युइंगपेक्षा जास्त होते.

आणि १९९५?

माझ्या मते हा त्याचा खरा कळस. मोसमात रॉकेट्सने फक्त ४७ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात सहावे आले. फेब्रुवारीत विद्यापीठातला जुना जोडीदार क्लाइड ड्रेक्सलर संघात आला. १९८३ मध्ये एकत्र हरलेले दोघं मित्र बारा वर्षांनी त्याच शहरात पुन्हा एकत्र. पुढे काय झालं पाहा: ६० सामने जिंकलेल्या युटाला हरवलं, ५९ जिंकलेल्या फिनिक्सला १-३ ने मागे असताना हरवलं, ६२ जिंकलेल्या सॅन अँटोनिओला हरवलं आणि अंतिम फेरीत शकील ओनीलच्या ओरलँडोला ४-० ने. सहाव्या मानांकनावरून विजेता झालेला दुसरा संघ आजवर नाही.

सॅन अँटोनिओच्या डेव्हिड रॉबिन्सनला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं होतं. दुसऱ्या सामन्याआधी त्याला तो चषक देण्यात आला, हकीम मैदानावरच होता. त्या रात्री त्याने ४१ गुण केले, आणि मालिकेत सरासरी ३५.३. रॉबिन्सन स्वतः उत्कृष्ट बचावपटू होता. म्हणूनच त्या चित्रफिती इतक्या मोलाच्या.

जॉर्डन निवृत्त होता म्हणून हकीमला दोन विजेतेपदं मिळाली, हे खरं ना?

अर्धंच. ऑक्टोबर १९९३ मध्ये जॉर्डनने खेळ सोडला, म्हणून १९९४ मध्ये तो नव्हता. पण मार्च १९९५ मध्ये तो परतला होता आणि बाद फेरी खेळला. शिकागोला दुसऱ्या फेरीत ओरलँडोने हरवलं, आणि त्याच ओरलँडोला ह्यूस्टनने एकही सामना जिंकू दिला नाही. शिकागो आणि ह्यूस्टन अंतिम फेरीत समोरासमोर कधी आलेच नाहीत. न झालेल्या मालिकेचा निकाल धरून झालेल्या मालिकांचं मोल कमी करणं मला पटत नाही.

रोजे ठेवून सामने खेळायचा का?

हो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो धर्माकडे अधिक ओढला गेला आणि रमजानमध्ये सामन्याच्या दिवशीही रोजा ठेवायचा. दुपारचा सामना असेल तर पाण्याचा घोटही नाही. १९९५ मध्ये रमजान फेब्रुवारीत आला होता, आणि त्या फेब्रुवारीचा एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू हकीमच ठरला. उपासाने आपण हलके आणि एकाग्र होतो, असं तो म्हणायचा. आषाढी किंवा चातुर्मास मनापासून पाळणाऱ्यांना यातलं बळ वेगळं सांगायला नको. शाळकरी मुलांनी मात्र सरावाला पाणी पिऊनच यावं. हा माझा नियम आहे.

तो नायजेरियाकडून खेळला की अमेरिकेकडून?

कनिष्ठ गटात नायजेरियाकडून, म्हणूनच पुढे परवानगीचा प्रश्न आला. एप्रिल १९९३ मध्ये तो अमेरिकी नागरिक झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाची खास मंजुरी मिळाल्यावर १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळला आणि सुवर्णपदक मिळवलं.

शेवट टोरांटोत का झाला?

वय, पाठदुखी आणि बदललेला संघ. ऑगस्ट २००१ मध्ये तो टोरांटो रॅप्टर्सकडे गेला, ६१ सामने खेळला, सरासरी ७.१ गुण. २००२ मध्ये पाठीमुळे थांबला. तो मोसम मी मुलांना दाखवत नाही.

बुटांची गोष्ट काय आहे?

१९९५ मध्ये त्याच्या नावाचे बूट स्पॉल्डिंग कंपनीने काढले आणि ते मुद्दाम स्वस्त ठेवले. शंभर डॉलरच्या वरचे बूट गरीब कष्टकरी आईने मुलांना कसे घ्यायचे, हा त्याचा सवाल होता. महाग बुटांसाठी मुलांमध्ये भांडणं, चोऱ्या होत असल्याच्या त्या काळात लागोपाठ दोनदा जिंकलेल्या खेळाडूने हे करणं मला विजेतेपदाइतकंच मोठं वाटतं.

निवृत्तीनंतर काय करतो?

ह्यूस्टनमध्ये जमीनजुमल्याचा व्यवसाय केला, आणि धर्मात व्याज वर्ज्य म्हणून कर्ज न काढता, रोखीने. शहराच्या मध्यभागातली १९२८ ची जुनी बँकेची इमारत त्याने घेतली, तिथे आता इस्लामिक केंद्र आहे. २००८ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याच वर्षी पॅट्रिक युइंगचाही, आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कचे प्रशिक्षक असलेल्या पॅट रायली यांचाही.

शिकवणंही चालू राहिलं. २००९ मध्ये कोबी ब्रायंट आणि २०११ मध्ये लेब्रॉन जेम्स त्याच्याकडे पायांची चाल शिकायला गेले. दोघंही तेव्हा जगातले अव्वल खेळाडू होते.

ह्यूस्टनच्या टोयोटा सेंटरबाहेर त्याचं स्मारक आहे. धर्मश्रद्धेमुळे त्याला स्वतःचा पुतळा नको होता, म्हणून तिथे चेहरा नाही. फक्त ३४ क्रमांकाची जर्सी उभी आहे.

त्याची खरी उंची किती?

कागदोपत्री ७ फूट, प्रत्यक्षात ६ फूट १० इंचांच्या आसपास, असं तो स्वतः सांगतो.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, आतापर्यंत खो-खो खेळलाय. बास्केटबॉलला उशीर झाला का?

याच प्रश्नामुळे हे पान लिहायला घेतलं. नाही झाला. मी स्वतः सोळाव्या वर्षी एका क्लबमध्ये गेलो होतो, तिथे वय विचारलं आणि घरी पाठवलं. त्या वेळी हकीमबद्दल मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी कुणालाही वयावरून परत पाठवत नाही.

खो-खोत खांबाला वळसा घालणारा, धावता धावता दिशा बदलणारा मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा पायांचं अर्धं काम झालेलं असतं. कॅमेरूनचा जोएल एम्बीडही पंधराव्या-सोळाव्या वर्षी या खेळात आला, हकीमच्या चित्रफिती पाहून शिकला आणि २०२३ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तुमचा मुलगा एनबीएत जाईल असं मी म्हणत नाही. त्याला पाठवा, एवढंच म्हणतो. आणि खो-खो सोडायला सांगू नका.

एकच सामना पाहायचा तर कोणता?

१९९५ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला सॅन अँटोनिओविरुद्धचा दुसरा सामना. एकदा नेहमीसारखा पाहा. मग आवाज बंद करून दुसऱ्यांदा पाहा, आणि या वेळी चेंडूकडे बघू नका. हकीमच्या गुडघ्यांखालीच नजर ठेवा.